जबलपूरचा टाऊन हॉल आणि भोपाळचा कायदा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागरी स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय अभ्यासक्रमात बहुधा कलमांच्या यादीतून शिकविला जातो. ७४ वी घटनादुरुस्ती, भाग ९ अ, बारावी अनुसूची, १८ विषय, पाच वर्षांची मुदत एवढे पाठ झाले की विषय संपला, असे अनेकांना वाटते. परंतु या यादीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. शहराचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो कायदा राज्य विधिमंडळ बदलते, तेव्हा त्या शहराचे मत नेमके कोठे नोंदविले जाते? हा प्रश्न एखाद्या ठोस उदाहरणावरून समजून घेणे इष्ट ठरते आणि त्यासाठी जबलपूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. महाराष्ट्रातील वाचकाला ते परकेही नाही. एके काळी नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि त्यांच्या महानगरपालिकांचे कायदे एकाच विधिमंडळाने तयार केले होते.

टाऊन हॉलवरील ध्वज

जबलपूरची नगरपालिका १८६४ मधील. लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव आणि १९१९ चा भारत सरकार कायदा या दोन टप्प्यांमधून लोकनियुक्त सभासदांच्या हाती थोडेफार अधिकार आले. १९१९ च्या कायद्याने प्रांतांमध्ये द्विदल राज्यपद्धती आली आणि स्थानिक स्वराज्य हा विषय ‘सोपीव’ खात्यांत, म्हणजे भारतीय मंत्र्यांकडे गेला. त्यानंतर मध्य प्रांतात १९२२ चा नगरपालिका कायदा आला. कागदोपत्री ही प्रगतीच होती. मात्र जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी रोखू शकत असे. नियंत्रणाचे हे सूत्र कायद्यात शिल्लक राहिलेच होते.

याच सुमारास जबलपूरमध्ये एक घटना घडली. सविनय कायदेभंगाला देश कितपत तयार आहे हे पाहण्यासाठी काँग्रेसने नेमलेली समिती १९२२ मध्ये जबलपूरला आली. हकीम अजमल खान हे तिचे प्रमुख होते. या भेटीच्या वेळी नगरपालिकेच्या टाऊन हॉलवर चरख्याचे चिन्ह असलेला तिरंगी ध्वज चढविण्यात आला. एका जिल्हा शहराच्या इमारतीवरील या कापडाची दखल थेट ब्रिटिश संसदेत घेतली गेली. असा प्रकार पुन्हा घडू देऊ नये, अशी भूमिका प्रशासनाने घेतली.

मार्च १९२३ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांचे दुसरे शिष्टमंडळ शहरात आले आणि ध्वज लावण्याची परवानगी मागण्यात आली. ब्रिटिशांचा युनियन जॅकही सोबत लावावा, अशी अट डेप्युटी कमिशनरने घातली. ती मान्य होण्यासारखी नव्हती. गांधीजींना शिक्षा झाल्याला १८ मार्च १९२३ रोजी एक वर्ष पूर्ण होत होते. त्या दिवशी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली ध्वजाची मिरवणूक निघाली. तिच्यात कवयित्री सुभद्राकुमारी चौहानही होत्या. पुढे हाच झेंडा सत्याग्रह नागपूरला गेला. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली १ मे १९२३ पासून तेथे स्वयंसेवकांच्या तुकड्या सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघू लागल्या. बजाज यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक निर्वेध पार पडल्यावर सत्याग्रह थांबला.

इतिहासाच्या पुस्तकांमध्ये हा सत्याग्रह राष्ट्रध्वजाच्या कथेत येतो आणि ते योग्यच आहे. मात्र प्रशासनाच्या अभ्यासकाने तो दुसऱ्या बाजूनेही पाहावा. लोकांच्या करातून चालणाऱ्या नगरपालिकेच्या वास्तूवर काय फडकावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा मूळ वाद होता. खाते मंत्र्याकडे होते, सभासद निवडून आलेले होते. तरीही शेवटचा शब्द जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा ठरला. मग शहरापुढे रस्त्यावर उतरण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही.

एका प्रांतातील दोन महानगरपालिका

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने नागपूर आणि जबलपूर या शहरांसाठी दोन स्वतंत्र महानगरपालिका कायदे केले. दोन्हींच्या नावात १९४८ हे वर्ष आहे. अमलात मात्र ते नंतर आले. जबलपूरची महानगरपालिका १९५० मध्ये आणि नागपूरची मार्च १९५१ मध्ये अस्तित्वात आली. शहरासाठी स्वतंत्र कायदा असणे ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे. व्यवहारात तसे नसते. कायदा एकाच शहराचा असेल तर त्यातील प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी विधिमंडळात त्या शहराचे नाव घ्यावे लागते, त्या शहराच्या आमदारांना बोलावे लागते आणि वृत्तपत्रांनाही ती बातमी आपली वाटते. कायदा सर्व शहरांचा झाला की हे थांबते.

जबलपूरच्या बाबतीत तसेच झाले. मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ आला आणि शहराचा स्वतंत्र कायदा इतिहासजमा झाला. २०२२ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा या एकाच कायद्याखाली राज्यातील १६ महानगरपालिका होत्या. नागपूरचा कायदा मात्र राज्य बदलूनही टिकला. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी १९४८ चा नागपूर कायदा २०१२ पर्यंत चालू राहिला. त्या वर्षी महाराष्ट्रानेही, मुंबई वगळता, सर्व महानगरपालिकांसाठी समान कायदा लागू केला.

राज्य पुनर्रचनेचे वर्ष जबलपूरकरांच्या आठवणीत आणखी एका कारणाने राहिले. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नव्या मध्य प्रदेशची राजधानी म्हणून जबलपूर सुचविले होते. राजधानी झाली भोपाळ. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. पूर्वी नागपूरला असलेले उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय म्हणून जबलपूरला बसू लागले आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राज्याच्या सीमा बदलताना संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते बंधनकारक नसले तरी मागवावे लागते. शहराचे मत मागविण्याची अशी तरतूद मात्र घटनेत कोठेही नाही. परीक्षेत हा फरक विचारला जात नाही. तो विचारला जावा इतका महत्त्वाचा आहे.

जकात गेली तेव्हा

शहराच्या स्वायत्ततेची खरी कसोटी पैशात लागते. एके काळी भारतीय शहरांचे उत्पन्नाचे मोठे साधन म्हणजे जकात होती. हिंदी प्रदेशात तिला चुंगी म्हणतात. नाक्यावर मालट्रक अडविणे, पावती फाडणे, लाचलुचपत, वाहतुकीचा खोळंबा हे तिचे दोष सर्वांना माहीत होते आणि अनेक समित्यांनी ती रद्द करण्याची शिफारस केली होती. मध्य प्रदेशने १९७६ मध्ये ती रद्द केली आणि त्याऐवजी स्थानिक क्षेत्रात मालाच्या प्रवेशावरील कर राज्य पातळीवर लागू केला. शहरांना ‘चुंगी क्षतिपूर्ती’ या नावाने भरपाई मिळू लागली.

व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण त्यामुळे शहराचे स्थान बदलले. कालपर्यंत जो पैसा महापालिका स्वतः गोळा करीत होती, तो आता राज्याच्या तिजोरीतून हप्त्याने येऊ लागला. दर ठरविण्याचा अधिकार गेला. शहराचा व्यापार वाढला तर उत्पन्न आपोआप वाढेल, हा संबंधही तुटला. महापालिकेच्या अर्थसंकल्पातील एक मोठी रक्कम राजधानीतील निर्णयाची वाट पाहू लागली. निधी रोखला तर वेतन थकते आणि वेतन थकले की शहरातील सफाई थांबते. अशा स्थितीत एखाद्या शहराने राज्याच्या धोरणाला विरोध करणारा ठराव करणे कायद्याने शक्य असले तरी व्यवहारात ते किती अवघड होते, हे सांगण्याची गरज नाही.

नागपुरात जकात तब्बल ३७ वर्षे अधिक टिकली. १ एप्रिल २०१३ रोजी तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. पुढे वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा कायदा केला. त्यात २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरून भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. स्वतःचे साधन गेल्यावर भरपाईचे सूत्र निदान कायद्यात लिहिलेले असावे, ही शहरांची किमान अपेक्षा असते.

घटनेने काय दिले, काय दिले नाही

शहरांना घटनात्मक दर्जा देण्याचा पहिला प्रयत्न १९८९ मध्ये झाला. तेव्हाचे विधेयक राज्यसभेत अडले. अखेर ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिचे वाचन करताना ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन क्रियापदांकडे लक्ष ठेवावे. बहुतेक सर्व मर्म तेथे आहे.

अनुच्छेद २४३ यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षे. बरखास्तीपूर्वी तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग या बाबी बंधनकारक आहेत. म्हणजे शहर सरकारचे अस्तित्व घटनेने सुरक्षित केले. त्याचे अधिकार मात्र तसे केले नाहीत. अनुच्छेद २४३ डब्ल्यू सांगते की राज्य विधिमंडळ पालिकांना अधिकार ‘देऊ शकेल’. बारावी अनुसूची ही त्या संभाव्य दानाची यादी आहे. ती सातव्या अनुसूचीसारखी अधिकारांची वाटणी नाही. सातव्या अनुसूचीत ‘स्थानिक शासन’ राज्य सूचीतील पाचव्या नोंदीत होते आणि आजही तेथेच आहे. कर लावण्याबाबतचे २४३ एक्स हे अनुच्छेदही याच धाटणीचे. आणि २४३ आर प्रमाणे पालिकेच्या अध्यक्षाची निवड कोणत्या रीतीने व्हावी, हे ठरविणे राज्य विधिमंडळावर सोपविले आहे. जबलपूरच्या पुढील हकिकतीची किल्ली या शेवटच्या अनुच्छेदात आहे.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातील न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त आजही उद्धृत केला जातो: शहरे ही राज्य विधिमंडळाची निर्मिती असून विधिमंडळाने दिले तेवढेच अधिकार त्यांना असतात. त्याविरुद्ध तेथे शहरांच्या स्वशासनाची चळवळ उभी राहिली आणि १८७५ च्या मिसुरी राज्यघटनेने सेंट लुईस शहराला स्वतःची सनद तयार करण्याची मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेने तर स्थानिक शासनाला राष्ट्रीय व प्रांतिक शासनाबरोबरचे स्वतंत्र क्षेत्र मानले. भारताने निवडलेला मार्ग या दोहोंच्या मधला असून तो डिलन यांच्या बाजूला अधिक झुकतो.

महापौर कोणी निवडावा?

मध्य प्रदेशने नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक धाडसी प्रयोग केला. १९९९ च्या निवडणुकांपासून महापौर थेट मतदारांकडून निवडला जाऊ लागला. त्याच्या मदतीला नगरसेवकांमधून निवडलेले मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे शहराचे छोटे मंत्रिमंडळ आले. सभागृहाचे कामकाज चालविण्यासाठी वेगळा अध्यक्ष ठेवण्यात आला. महाराष्ट्रात महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितो आणि कार्यकारी अधिकार बव्हंशी आयुक्तांकडे असतात; त्या तुलनेत जबलपूरचा महापौर अधिक वजनदार ठरला. मुंबई आणि नागपूर येथे १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणली गेली होती, पण ती लवकरच गुंडाळण्यात आली.

या थेट पद्धतीत जबलपूरने चार महापौर निवडले. २०१५ मध्ये पदावर आलेल्या स्वाती गोडबोले या त्यांपैकी चौथ्या. महापौराला परत बोलावण्याची तरतूदही या प्रयोगाबरोबर कायद्यात आली. प्रस्ताव नगरसेवकांनी मांडायचा, निकाल मतदारांनी द्यायचा. नगरपालिकांमध्ये असे मतदान ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ या चिन्हांवर झाले आणि त्याच नावाने ते ओळखले जाते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ही पद्धत बदलली आणि महापौर नगरसेवकांमधून निवडला जाईल असे ठरले. थेट महापौर आणि सभागृह यांच्यात बहुमताचा मेळ नसेल तर काम अडते, हा अप्रत्यक्ष निवडणुकीच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. विरोधाचा युक्तिवादही तितकाच सबळ आहे: नगरसेवकांच्या संख्याबळावर निवडलेल्या महापौराला पाच वर्षे सर्व शहराचा विचार करण्यापेक्षा चाळीस-पन्नास जणांना सांभाळावे लागते. येथे मुद्दा कोणती पद्धत चांगली हा नाही. बदल अध्यादेशाने झाला आणि तो ज्यांना लागू होणार होता त्या शहरांना बोलण्याची औपचारिक जागा नव्हती. पदावर असलेल्या महापौरांनी आपला विरोध राज्यपालांपर्यंत पोहोचविला. शहराच्या प्रथम नागरिकाला आपल्या पदाविषयीच्या कायद्यावर मत मांडण्यासाठी निवेदन घेऊन राजभवनाकडे जावे लागते, यावरूनच व्यवस्थेतील उणीव स्पष्ट होते.

२०२० मध्ये राज्यातील सरकार बदलले. मे २०२२ मध्ये नवा अध्यादेश आला: महापौर पुन्हा थेट, तर नगरपालिका व नगर परिषदांचे अध्यक्ष नगरसेवकांमधून. म्हणजे तीन वर्षांत नियम एकदा फिरला आणि परत आला, तोही अर्धाच. महाराष्ट्राला हसण्याचे कारण नाही. तेथेही नगराध्यक्षांची थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. दोन्ही राज्यांमध्ये शहरांनी केलेल्या ठरावांमुळे नव्हे, तर राज्यातील सत्तांतराबरोबर हे बदल झाले.

मुदत संपल्यानंतरची अडीच वर्षे

जबलपूरच्या महापालिकेची मुदत २०२० च्या प्रारंभी संपली. अनुच्छेद २४३ यू प्रमाणे तत्पूर्वी निवडणूक होणे आवश्यक होते. किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, नैसर्गिक आपत्तीसारखी अपवादात्मक कारणे सोडल्यास निवडणुका पुढे ढकलता येणार नाहीत, असे स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात कोविड साथ, प्रभागरचना, आरक्षण असे एकेक कारण येत गेले आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात महापालिका कायद्यातील बदलांवर शहराचे मत विचारायचे ठरविले असते तरी विचारायचे कोणाला? उत्तर देण्यास लोकनियुक्त सभागृहच नव्हते.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठीची ‘तिहेरी चाचणी’ मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील विकास गवळी प्रकरणात अधोरेखित झाली. तिचा धागा मध्य प्रदेशच्या सुरेश महाजन प्रकरणात आला. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चाचणी पूर्ण होण्याची वाट न पाहता निवडणूक कार्यक्रम जाहीर करण्याचा आदेश दिला. १८ मे रोजी राज्याच्या आयोगाचा अहवाल लक्षात घेऊन आरक्षणासह निवडणुका घेण्यास अनुमती दिली. जबलपूरमध्ये ६ जुलै २०२२ रोजी मतदान झाले आणि १७ जुलैला निकाल लागला. नागपूरला याहून अधिक थांबावे लागले. तेथील मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले.

शहराच्या हद्दीतही शहराचे नियंत्रण सर्वत्र नसते, हे जबलपूरमध्ये डोळ्यांना दिसते. छावणी क्षेत्र २००६ च्या केंद्रीय कायद्याखाली छावणी मंडळाकडे आहे. आयुध निर्माण कारखान्यांच्या वसाहती वेगळ्या. विकास आराखडा राज्याच्या १९७३ च्या नगर व ग्रामनिवेश कायद्याप्रमाणे होतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या २० शहरांत जबलपूर निवडले गेले, तेव्हा कामांसाठी कंपनी स्थापन झाली. तिच्या भागभांडवलात राज्य आणि महापालिका यांचा समान वाटा होता. ते अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. त्यातून उभारलेल्या मालमत्तांची देखभाल, म्हणजे खर्चाची बाजू, महापालिकेच्या पदरात राहते.

२०२२ च्या निकालात जबलपूरच्या मतदारांनी महापौर एका पक्षाचा निवडला आणि ७९ प्रभागांच्या सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाला दिले. पद्धत अप्रत्यक्ष असती तर असा कौल नोंदविताच आला नसता. थेट निवडणुकीचे समर्थक याकडे मतदाराच्या विवेकाचा पुरावा म्हणून पाहतात, विरोधक अडथळ्याचा. या सभागृहाची पाच वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. पुढचा महापौर शहर निवडील की सभागृह, हे त्या वेळी भोपाळमध्ये जो कायदा अमलात असेल त्यावर ठरेल.